एका मिनिटात पंधरा प्राणी?

‘६० सेकंदांत १५ प्राण्यांची नावं आठवली नाहीत, तर स्मृतिभ्रंश सुरू झाला समजा’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. चाचणी खरी, निष्कर्ष मात्र उतावळा. वय, शिक्षण, भाषा, इतकंच काय घाबरगुंडीनेही आकडा बदलतो. घड्याळ लावून कुणी समोर बसलं की भल्याभल्यांची जीभ अडते. तज्ज्ञ नुसती बेरीज करत नाहीत. वाघ, सिंह, बिबट्या हा कळप संपल्यावर माणूस गाय-म्हशींकडे किती सहज वळतो, हेही पाहतात. हे वळणं बरंचसं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. अल्झायमरमध्ये बहुधा ‘क’वरून शब्द सांगण्यापेक्षा प्राणी आठवणं जास्त बिघडतं, म्हणून दोन्ही विचारतात. शिवाय विसरण्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा त्रास नाही ना, यासाठी रक्तही तपासतात.