वाचनगटाची यादी आणि तिच्यामागचा इतिहास : कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं निवडताना

25 मे 2020 रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. पुढच्या काही आठवड्यांत इंटरनेटवर कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांच्या याद्यांचा पूर आला. टाळेबंदीमुळे वाचनगटही तेव्हाच झूम आणि गूगल मीटवर सरकले होते. आज नाशिकमधला एखादा ऑनलाइन गट हा विषय घेतो, तेव्हा शोधल्यावर पहिली हाती लागते ती बहुतेक त्याच लाटेतली यादी. ती अमेरिकी वाचकाला समोर ठेवून, एका घटनेच्या धक्क्यात केलेली असते. त्यामुळे वंशवाद समजावून सांगणारी पुस्तकं तिच्यात जास्त, कथा-कविता कमी आणि आफ्रिका, कॅरिबियन, ब्राझील जवळपास नाहीतच. त्या लाटेत प्रचंड खपलेल्या 'व्हाइट फ्रॅजिलिटी'च्या लेखिका रॉबिन डीअँजेलो तर स्वतः गोऱ्या आहेत. अशी यादी आयती उचलण्याआधी, ही पुस्तकं वाचकांपर्यंत पोचली कशी, मधे कुणी कापली आणि कोणती वर्षानुवर्षं गायब होती, हे माहीत असलेलं बरं.

मराठी वाचकाचा या साहित्याशी संबंध 2020 मध्ये सुरू झालेला नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' छापली, तेव्हा अर्पणपत्रिकेत अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना मान दिला आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डु बॉईस यांनी उत्तरही दिलं. 1966 मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर. नाशिकला तर हा धागा घराच्या उंबऱ्याशी आहे: पंचवटीत 2 मार्च 1930 ला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, 1935 ची येवल्याची घोषणा आणि याच मातीतले बाबूराव बागूल, ज्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 मध्ये आला. हे सगळं हाताशी असताना आपल्या गटाने न्यूयॉर्कच्या एखाद्या गटाची यादी जशीच्या तशी का चालवावी?

मराठीत या विषयावरचं सर्वांत लाडकं पुस्तक म्हणजे वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (1981). ते जरूर वाचावं. पण ते कृष्णवर्णीय माणसाबद्दलचं पुस्तक आहे, कृष्णवर्णीय लेखकाचं नाही. हा फरक पहिल्या बैठकीतच ठरवून घ्यावा, कारण गोंधळ नेमका इथे होतो. 'अंकल टॉम्स केबिन' (1852) लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो आणि 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (1960) लिहिणाऱ्या हार्पर ली या दोघी गोऱ्या लेखिका आणि दोघींची पुस्तकं अशा याद्यांत हमखास घुसतात. उलट दिशेचीही चूक होते. हॅरिएट जेकब्स या कृष्णवर्णीय लेखिकेने 1861 मध्ये 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' टोपणनावाने छापलं. शीर्षकपानावर संपादक म्हणून लिडिया मारिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेचं नाव होतं, म्हणून पुढे कितीतरी काळ अभ्यासक हे आत्मकथन चाइल्ड यांनीच रचलेलं धरून चालले. जीन फेगन येलिन या अभ्यासक बाईंनी पत्रव्यवहार आणि कागदपत्रं जुळवून ते जेकब्स यांचंच असल्याचं दाखवलं आणि 1987 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. जुन्या ग्रंथालयातल्या जुन्या सूचीत आजही लेखकाच्या जागी चुकीची नोंद सापडू शकते.

एकत्र वाचण्याची परंपराही कृष्णवर्णीयांची स्वतःची आहे आणि ती जुनी आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. त्याआधी, 1833 मध्ये, फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी आपलं वाचनालय काढलं होतं. त्याही आधी, 1831 मध्ये, तिथल्या स्त्रियांनी साहित्यमंडळ सुरू केलं. सदस्यांनी लिहिलेला मजकूर नाव न घालता पेटीत टाकायचा आणि मग तो सर्वांसमोर वाचून त्यावर बोलायचं, ही त्यांची रीत. ऑनलाइन गटात ती आजही उत्तम चालते: प्रत्येकाने प्रश्न निनावी फॉर्ममध्ये टाकावा आणि सूत्रधाराने वाचून दाखवावा. एरवी कॅमेऱ्यासमोर गप्प बसणारी माणसं यात बोलती होतात.

विसाव्या शतकात मात्र निवडीची सूत्रं मोठ्या, गोऱ्या हातांत गेली. रिचर्ड राइट यांची 'नेटिव्ह सन' 1940 मध्ये सभासदांना दरमहा निवडक पुस्तक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या बुक ऑफ द मंथ क्लबने निवडली. कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक त्या क्लबने निवडण्याची ही पहिलीच वेळ. पण निवड होण्याआधी क्लबने बदल मागितले आणि राइट यांनी ते केले. पहिल्या भागात बिगर हा नायक मित्राबरोबर चित्रपटगृहात जातो. मूळ लेखनात तिथल्या बातमीपटात गोऱ्या मालकाची मुलगी मेरी दिसते. पुढे बिगर जिच्या घरी नोकरीला जाणार आहे, तीच ही. छापील आवृत्तीत हा बातमीपट काढून त्याजागी भलताच चित्रपट घातला गेला. 'ब्लॅक बॉय' (1945) या त्यांच्या आत्मकथनाचा तर शेवटचा मोठा भागच कापला. राइट दक्षिणेतून शिकागोला आल्यानंतरचा भाग क्लबला नको होता. तो 1977 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, 'अमेरिकन हंगर' या नावाने वेगळा निघाला. दोन्ही पुस्तकांचा पूर्ण मजकूर लायब्ररी ऑफ अमेरिकाने 1991 मध्ये छापला.

गटाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: पुस्तक ठरवताना आवृत्तीही ठरवा. नाहीतर चर्चेत निम्मे जण एका प्रसंगाबद्दल बोलतात आणि उरलेले तो प्रसंग शोधत पानं चाळतात. तपासायला दोन मिनिटं पुरतात. 'नेटिव्ह सन'मध्ये चित्रपटगृहाच्या प्रसंगाचं पान उघडून मेरी पडद्यावर दिसते का, ते पाहावं. 'ब्लॅक बॉय'ची प्रकरणं मोजावीत: 14 असतील तर कापलेली प्रत, 20 असतील तर पूर्ण.

झोरा नील हर्स्टन यांच्या बाबतीत कात्रीपेक्षा विस्मृतीने जास्त नुकसान केलं. 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' 1937 मध्ये आली आणि खुद्द राइट यांनीच तिच्यावर कडक टीका केली. पुढे ती बाजारातून नाहीशी झाली. ॲलिस वॉकर यांनी 1973 मध्ये फ्लोरिडात जाऊन हर्स्टन यांच्या निनावी थडग्यावर दगड बसवला, 1975 मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि 1978 मध्ये कादंबरी पुन्हा छापून आली. 'बॅरकून' हे हर्स्टन यांचं आणखी एक पुस्तक. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या कोसोला या म्हाताऱ्याने सांगितलेली त्याची हकिकत त्यांनी त्याच्याच बोलीत उतरवली होती. प्रकाशकाला ती प्रमाण इंग्रजीत हवी होती. हर्स्टन यांनी नकार दिला आणि 1931 च्या सुमारास तयार असलेलं हे लेखन 2018 मध्ये उजेडात आलं. हर्स्टन यांच्या पुस्तकांतली बोली नुसत्या डोळ्यांनी वाचताना अडते, हे खरं. अहिराणी कागदावर वाचणाऱ्याला जे होतं, तेच. उपायही तोच: पहिली दहा पानं गटात मोठ्याने वाचावीत किंवा 'देअर आईज'चं रूबी डी यांच्या आवाजातलं श्राव्यपुस्तक लावावं. कान सरावला की पुढचं वाचन आपोआप वेग घेतं.

राइट यांच्या 'नेटिव्ह सन'नंतर बुक ऑफ द मंथ क्लबला मुख्य निवडीसाठी दुसरं कृष्णवर्णीय नाव सापडायला 37 वर्षं लागली. 1977 मध्ये टोनी मॉरिसन यांची 'साँग ऑफ सॉलोमन' निवडली गेली. मॉरिसन तेव्हा रँडम हाउसमध्ये संपादकही होत्या आणि गेल जोन्स, टोनी केड बंबारा, अँजेला डेव्हिस यांची पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली. त्या काळातली नावं निवडताना हा धागा उपयोगी पडतो.

आफ्रिकेकडे वळलं की हाइनमन या ब्रिटिश प्रकाशनाची आफ्रिकन रायटर्स सिरीज लागते. ती 1962 मध्ये चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'ने (मूळ 1958) सुरू झाली आणि अचेबे पहिली दहा वर्षं तिचे संपादकीय सल्लागार होते. सुरुवातीच्या यादीत पुरुष लेखकच ठळक आहेत, म्हणून मरियामा बा यांची 'सो लाँग अ लेटर' (फ्रेंच मूळ 1979) जोडीला ठेवावी. शंभरेक पानांची, एका विधवेने मैत्रिणीला लिहिलेली ही पत्रकादंबरी कामाच्या आठवड्यातही वाचून होते. ब्राझीलमधून कॅरोलिना मारिया दे जेझुस यांची डायरी घ्यावी. साओ पावलोच्या झोपडपट्टीत भंगार-कागद वेचून मुलं वाढवणाऱ्या या बाईंनी वापरलेल्या वह्यांत लिहिलेलं 1960 मध्ये छापलं गेलं. दया पवारांच्या 'बलुतं'शेजारी (1978) ती ठेवली, तर दोन बैठकांची चर्चा कुणाला सुरू करून द्यावी लागत नाही.

नाशिकच्या गटासाठी पहिलं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर आमची शिफारस नेला लार्सन यांच्या 'पासिंग'ची (1929). कृष्णवर्णीय असूनही उजळ रंगामुळे गोरी म्हणून खपून जाणारी क्लेअर आणि तिची बालमैत्रीण आयरीन यांची ही छोटी कादंबरी आहे. तिच्यासोबत बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही शीर्षककथा वाचावी. रेल्वेच्या नोकरीवर परगावी गेलेला तरुण, डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर त्याचं काय होतं, हे त्या कथेत आहे. क्लेअरला लपवून काय मिळतं आणि बागुलांच्या तरुणाला काय, इथून बोलायला सुरुवात करावी. 'पासिंग'चे तीन भाग आहेत आणि प्रत्येकात चार प्रकरणं, त्यामुळे तीन बैठकांत ती नीट बसते. इथेही आवृत्तीची मेख आहे: मूळ प्रकाशकाच्या नंतरच्या छपाईत शेवटचा छोटा परिच्छेद गळला. म्हणून काही प्रतींत कादंबरी आयरीनच्या डोळ्यांपुढे अंधार येतो तिथे संपते, तर काहींत त्यापुढे आणखी काही ओळी आहेत. दोन्ही शेवट स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत.

वर्षाला सहा पुस्तकं पुरेत, म्हणजे एकेकाला दोन महिने मिळतात. बाराचा हट्ट धरलेले गट चौथ्या-पाचव्या महिन्याला गळू लागतात, कारण मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला जुन्या इंग्रजीची पानं सावकाश घ्यावी लागतात. वाटणी प्रकरणांच्या आकड्यांवर करू नये. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या 1845 च्या आत्मकथनात 11 प्रकरणं आहेत, पण दहावं एकटंच इतकं लांब आहे की पहिली नऊ एका बैठकीला आणि शेवटची दोन दुसऱ्या बैठकीला घेतली तरच तोल साधतो.

राहिला पीडीएफचा प्रश्न, कारण गटाच्या व्हॉट्सॲपवर ती फिरणारच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. डग्लस आणि जेकब्स केव्हाच मुक्त आहेत. हर्स्टन आणि राइट दोघेही 1960 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं 2021 पासून मुक्त झाली. डु बॉईस (मृत्यू 1963) 2024 पासून, लार्सन (मृत्यू 1964) 2025 पासून. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची 60 वर्षं मात्र छपाईपासून मोजतात, त्यामुळे 'अमेरिकन हंगर' आणि 'बॅरकून' अजून हक्काखाली आहेत. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो, म्हणून मरियामा बा किंवा दे जेझुस यांची इंग्रजी प्रत फाइल म्हणून पाठवता येत नाही. जेम्स बॉल्डविन, अचेबे, मॉरिसन यांच्यासाठी प्रती विकतच घ्याव्या लागतील किंवा वाचनालयात मागणी नोंदवावी लागेल. ती निदान दोन महिने आधी नोंदवावी आणि सोबत आवृत्तीचं वर्ष लिहून द्यावं.