बान्स्कोची रांग: एका गोंडोलामागची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत नाताळ सरला की फेब्रुवारीतल्या शाळेच्या सुट्टीचा, हाफ टर्मचा विषय निघतोच. मुलांना स्कीइंगला कुठे न्यायचे? आल्प्समधले आठवड्याचे भाडे, लिफ्टचा पास आणि प्रशिक्षकाची फी यांची बेरीज करून झाली की कुणीतरी बल्गेरियातल्या बान्स्कोचे नाव काढते. लगेच दुसरा कुणीतरी विचारतो, "तिथली गोंडोलाची रांग माहीत आहे ना?" गोंडोला म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या बंद डब्यांची लिफ्ट. स्वस्ताई आणि रांग या दोन्ही गोष्टी गेल्या पंचवीस वर्षांतल्या निर्णयांतून आल्या आहेत. बुकिंग करण्यापूर्वी ते निर्णय समजून घेतलेले बरे.

हंगामाच्या ऐन दिवसांत सकाळी साडेसातला तळाच्या स्थानकाबाहेर उभे राहिले की चित्र कळते. जड बूट घालून पाय घासत चालणारी माणसे, आईच्या कमरेला टेकून पेंगणारी मुले, एकमेकांना लागणाऱ्या स्की. गाव जेमतेम ९३० मीटर उंचीवर, त्यामुळे पायाखाली बर्फापेक्षा ओला डांबरी रस्ताच जास्त वेळा असतो. खरे उतार वर, १६३० मीटरच्या आसपास असलेल्या बांदेरिश्का पोल्याना या पठारापासून पुढे २६०० मीटरपर्यंत. तिथवर नेणारा गोंडोला एकच, सहा किलोमीटरांहून लांब, आठ माणसांच्या डब्यांचा. संध्याकाळी जंगलातल्या वाटेवरून स्की करत गावापर्यंत उतरता येते. सकाळी चढायला मात्र हा गोंडोला, नाहीतर घाटरस्ता. गर्दीच्या दिवशी दोन-दोन तास उभे राहिलेली माणसे भेटतात.

मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अठराव्या शतकात इथले व्यापारी व्हिएन्नापर्यंत माल नेत. जुन्या पेठेतली दगडी, उंच कुंपणाची घरे त्या पैशांची. १९१२ पर्यंत हा भाग उस्मानी साम्राज्यात होता. बल्गेरियातले डोंगरी पर्यटन सुरू झाले ते बान्स्कोत नव्हे, तर रिला पर्वतातल्या बोरोवेत्सला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बान्स्कोला सेप्टेंव्रीहून येणारी ७६० मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोहोचली. माथेरानच्या गाडीपेक्षा ती थोडी रुंद, आणि १२५ किलोमीटरांना पाच तास घेणारी. हाताशी वेळ असेल तर एकदा या गाडीने जरूर यावे. समाजवादी राजवटीत इथे स्कीइंग होते, पण बेताचे.

डोंगराच्या बाजूची एक नोंद मात्र महत्त्वाची आहे. १९६२ मध्ये गावामागच्या पिरिन पर्वताचा काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला. पुढे त्याची हद्द वाढत सुमारे ४०,००० हेक्टरांवर गेली आणि १९८३ मध्ये त्याचे नाव जागतिक वारसा यादीत लागले. संगमरवरी शिखरे, हिमनद्यांनी कोरलेली तळी आणि सुमारे १३०० वर्षे वयाचे मानले जाणारे एक पाइनचे झाड, हे सगळे या हद्दीत आहे. म्हणजे बान्स्कोत पर्यटक ज्या डोंगरावर स्की करायला येतात तो आधीपासूनच संरक्षित होता. स्की केंद्र नंतर आले.

ते आले २००१ मध्ये. सरकारने एका खासगी कंपनीशी तीस वर्षांचा करार केला. कागदावर जमीन होती जेमतेम शंभर हेक्टर. दोन वर्षांत गोंडोला उभा राहिला, जंगलातून रुंद पट्टे कापले गेले, बर्फ पाडणारी यंत्रे बसली. प्रत्यक्ष वापरातली जमीन करारापेक्षा बरीच जास्त आहे, हा आक्षेप तेव्हापासून आजवर पुन्हा पुन्हा घेतला गेला आहे. वाद मोजण्याच्या पद्धतीचा आहे. लिफ्टचे खांब आणि इमारती तेवढ्याच मोजायच्या, की ज्या उतारावरून झाडे गेली तो सगळा? झाडे गेली ती जमीन वापरातली नाही असे म्हणणे मला तरी पटत नाही.

त्याच काळात खाली गावात घरांची लाट आली. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात जाणार हे दिसत होते. ब्रिटिश, आयरिश आणि रशियन ग्राहक स्टुडिओ आणि एका खोलीचे फ्लॅट कागदावरच विकत घेत होते. २००८ च्या मंदीत ही लाट फुटली. काही सांगाडे अर्धवट राहिले, पुरे झालेले फ्लॅट मिळेल त्या किमतीला विकले गेले. आज आपल्याला मिळणारी स्वस्त खोली ही बहुतेकदा या जास्तीच्या बांधकामातली असते. गावात झोपायची सोय गोंडोलाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त झाली. रांगेचे मूळ इथे आहे, पण चर्चा नेहमी डोंगरावर दुसरा गोंडोला बांधण्याची होते, गावातल्या खाटांची नाही.

आता तो शब्द, ज्याने सगळा गुंता केला: 'बफर'. ताडोबाला जाऊन आलेल्या मराठी माणसाला बफर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आत कोअर, बाहेर बफर. गाभ्याला धक्का लागू नये म्हणून भोवती राखलेला पट्टा. ताडोबाचा बफर अधिसूचित झाला २०१० मध्ये. योगायोग असा की पिरिनच्या कागदांतही बफर आला तो त्याच वर्षी, पण अगदी उलट अर्थाने. २०१० मध्ये वारसा स्थळाची हद्द वाढवून जवळजवळ सगळे उद्यान तिच्यात घेतले गेले, आणि त्याच वेळी बान्स्को व शेजारच्या दोब्रिनिश्ते इथले स्कीचे उतार तिच्यातून वगळून त्यांना बफर म्हटले गेले. हे क्षेत्र हजार हेक्टरांहून थोडे जास्त भरते. हा भोवतीचा पट्टा नव्हे, उतारांवर आत घुसलेले तुकडे आहेत. जिथे नुकसान होऊन गेले होते, तेवढी जमीन यादीतून बाजूला काढली आणि तिला राखणदाराचे नाव दिले.

या शब्दाचे परिणाम पुढे दिसले. बफर ही वारसा यादीतली वर्गवारी आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यातली नव्हे. उद्यानाचे नियम त्या उतारांना लागूच राहिले. पण गावात आणि राजधानीत 'ही जमीन आता मोकळी' असा अर्थ रुजला. यादी बनवणाऱ्यांनी अट घातली होती की बांधकाम या तुकड्यांबाहेर सरकू नये. विकासाच्या बाजूचे लोक तुकडे दाखवत राहिले, विरोधातले लोक ही अट. दोघेही शब्द तोच वापरत होते.

२०१२ च्या उन्हाळ्यात वन कायद्यातल्या दुरुस्तीवरून राजधानी सोफियातला गर्दीचा चौक तरुणांनी संध्याकाळी अडवून धरला. जमिनीचा दर्जा न बदलता लिफ्ट आणि उतार करू देणारी ती दुरुस्ती राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवली. मोठा भडका उडाला तो डिसेंबर २०१७ च्या अखेरीस, सुट्ट्यांच्या दिवसांत, सरकारने उद्यानाच्या २००४ च्या व्यवस्थापन आराखड्यात बदल मंजूर केला तेव्हा. या एका कागदातून दोन आकडे निघाले. सरकार म्हणत होते, उद्यानाच्या फक्त २.२ टक्के क्षेत्राचा प्रश्न आहे. विरोधक म्हणत होते, ४८ टक्के. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले, कुणीतरी धडधडीत खोटे बोलतो आहे. तसे नव्हते. स्कीचे उतार आणि लिफ्ट ज्या विभागात बसणार होत्या त्याचा आकडा २.२. मात्र बदलात पाणी अडवण्याच्या बांधकामांनाही परवानगी होती, आणि ती 'पर्यटन विभाग' म्हणून रंगवलेल्या विस्तीर्ण क्षेत्रातही. ते धरले की ४८. कृत्रिम बर्फाला पाणी लागते, हे ध्यानात घेतले तर दुसऱ्या आकड्याला घाबरणारे लोक उगीच घाबरत नव्हते.

जानेवारी २०१८ मध्ये सोफियात आणि युरोपातल्या अनेक शहरांत मोर्चे निघाले. बान्स्कोतही निघाले, पण उलट मागणीचे: दुसरा गोंडोला द्या. त्या मोर्च्यांतल्या लोकांना सोडून देता येत नाही. स्की भाड्याने देणारा दुकानदार, मेहान्यात, म्हणजे पारंपरिक खानावळीत काम करणारी बाई, टॅक्सीवाला यांचे वर्ष डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत कमावलेल्या पैशांवर चालते. रांगेला कंटाळलेला पाहुणा पुढच्या वर्षी येत नाही, हे त्यांना रोज दिसते. तरीही दुसऱ्या गोंडोलाने रांग खालून वर जाईल, एवढेच मला दिसते. उतार तेवढेच राहिले तर गर्दी खुर्चीलिफ्टपाशी साचणार आणि मग मागणी येणार नव्या उतारांची. न्यायालयात २०१७ चा तो बदल टिकला नाही.

आता सुट्टी आखणाऱ्यांसाठी अलीकडच्या दोन गोष्टी. मार्च २०२४ मध्ये विमानतळांवर आणि १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांवरही बल्गेरिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला. भारतीय पासपोर्टवर आता शेंगेन व्हिसा लागतो. पूर्वी बान्स्कोचे दिवस वेगळे धरले जात, आता ते १८० पैकी ९० दिवसांच्या हिशेबात मोजले जातात. आजीआजोबांना युरोपात फिरवून आणायचा बेत असेल तर हे मोजून ठेवा. दुसरी गोष्ट, १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाचे चलन लेव जाऊन युरो आला. दर ठरलेलाच होता, एका युरोला १.९५५८३ लेव, त्यामुळे या बदलाने रातोरात महागाई येण्याचे कारण नाही.

हाफ टर्मच टाळता येत नसेल तर सकाळी रस्त्याने पठारावर नेणारी गाडी आहे का, हे हॉटेलला आधी विचारा आणि मुलांचे बूट व स्की शक्य असेल तर वरच ठेवायची सोय बघा. शिकाऊ मुलांसाठी सहा किलोमीटरवरचे दोब्रिनिश्तेही विचारात घ्या. उतार कमी, लिफ्ट कमी, पण गर्दी बान्स्कोइतकी नाही.