होसे रिझाल : दूतावासांतल्या पुण्यतिथीमागचा इतिहास

३० डिसेंबर १८९६ची सकाळ. स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथल्या बागुंबायानच्या मैदानावर स्पॅनिश सरकारने ३५ वर्षांच्या एका नेत्रवैद्याला गोळ्या घालून मारलं. मरणापूर्वी घरच्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या दफनाबद्दल मोजक्या सूचना दिल्या होत्या. जमिनीत पुरा, वर एक दगड आणि क्रूस ठेवा, नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा घाला, वाटलं तर कुंपण करा. पुण्यतिथ्या मात्र नकोत.

हे नेत्रवैद्य म्हणजे फिलिपिन्सचे राष्ट्रवीर होसे रिझाल. त्यांची ही इच्छा त्यांच्या माणसांना पाळवली नाही. आज फिलिपिन्सचे दूतावास जगभर त्यांचं स्मरण करतात, १९ जूनला जयंती आणि ३० डिसेंबरला पुण्यतिथी. पुष्पचक्र वाहिलं जातं, त्यांची शेवटची कविता वाचली जाते. परदेशातल्या कचेऱ्यांना हे स्मरण इतकं जवळचं का, हे कळायला त्यांच्या आयुष्याचा नकाशाच समोर घ्यावा लागतो.

सुरुवात १८७२ची. त्या वर्षी १७ फेब्रुवारीला गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांचा मनिलात जाहीरपणे गळा आवळून जीव घेण्यात आला. मनिलाजवळच्या काविते गावात झालेल्या सैनिकांच्या बंडाला फूस लावल्याचा आरोप त्यांच्यावर होता. खरं दुखणं वेगळंच होतं. चर्चचा कारभार स्पेनहून आलेल्या संन्याशांच्या हातातून काढून स्थानिक पाद्र्यांकडे द्यावा, ही मागणी सरकारला खुपत होती. (गोव्यात पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या १७८७च्या पिंटोंच्या कटामागेही स्थानिक पाद्र्यांना डावलल्याची सल होतीच.) रिझाल तेव्हा दहा वर्षांचे होते आणि त्यांचे थोरले भाऊ पासियानो हे बुर्गोस यांचे विद्यार्थी. १८७२ घडलं नसतं तर आपण जेझुइट पाद्री झालो असतो, असं रिझाल यांनी पुढे एका पत्रात लिहिलं.

त्याच पासियानोंच्या पाठिंब्याने ते १८८२मध्ये स्पेनला निघाले. माद्रिदला वैद्यक शिकले, मग पॅरिस आणि हायडेलबर्गला डोळ्यांच्या शास्त्रात हात बसवला. आई तेओदोरा यांची नजर अधू होत चालली होती, तिच्यावर स्वतः उपचार करायची त्यांना आस होती. १८८६-८७चा हिवाळा बर्लिनमध्ये गेला. खिशात पैसे नाहीत, पोटाला धड अन्न नाही आणि टेबलावर कादंबरीचं हस्तलिखित तयार. शेवटी मासिमो व्हियोला या मित्राने ३०० पेसो उसने दिले तेव्हा ‘नोली मे तांगेरे’च्या २००० प्रती छापून झाल्या. दुसरी कादंबरी, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’, १८९१मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात छापली, कारण तिथे छपाई स्वस्त पडायची. तीही एका मित्राच्या मदतीने, आणि अर्पण केली त्याच तीन पाद्र्यांना.

मला यातलं सगळ्यात मोठं काम लंडनचं वाटतं. कादंबऱ्यांच्या गाजावाजात ते मागे पडतं. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्यांनी अंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९ सालचा ग्रंथ हाताने उतरवून काढला आणि त्याला टिपा जोडून पुन्हा छापला. स्पॅनिश येण्याआधीही आमच्या बेटांवर शेती होती, व्यापार होता, लिपी होती, हे त्यांना दाखवायचं होतं. काही ठिकाणी त्यांनी दावा ताणला, पण गुलाम देशातल्या तरुणाने राज्यकर्त्यांच्याच कागदपत्रांतून आपला भूतकाळ परत मागणं ही साधी गोष्ट नव्हती.

पुढचं झपाट्याने घडलं. हाँगकाँगला डोळ्यांचा दवाखाना, १८९२मध्ये मनिलाला परत, ‘ला लीगा फिलिपिना’ या सुधारणावादी संघटनेची स्थापना, काही दिवसांतच अटक आणि दक्षिणेतल्या मिंदानाओ बेटावरच्या दापितानला चार वर्षांची हद्दपारी. १८९६मध्ये स्पेनविरुद्ध क्रांती पेटली तेव्हा ते क्युबात लष्करी डॉक्टर म्हणून जायला निघाले होते. वाटेतच पकडून त्यांना परत आणलं आणि बंडाचे सूत्रधार ठरवलं.

स्मरणाचा पहिला सरकारी हुकूम २० डिसेंबर १८९८चा, क्रांतिकारकांच्या सरकारचे प्रमुख एमिलियो आगिनाल्दो यांचा. २९ तारखेच्या दुपारपासून झेंडे अर्ध्यावर उतरवा आणि ३०ला सरकारी कचेऱ्या बंद ठेवा. बरोबर दहा दिवस आधी स्पेनने पॅरिसच्या तहात हा देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केला होता. म्हणजे जगाने ज्याला मान्यताच दिली नव्हती, त्या सरकारने पाळलेला हा दुखवटा होता. पाठोपाठ दाएत गावी रिझाल यांचं स्मारक उभं राहिलं. नंतर अमेरिकी राजवटीनेही १९०२मध्ये या दिवशी सुट्टी जाहीर केली. हत्यार उचलणाऱ्यांपेक्षा सुधारणा मागणारा वीर त्यांना सोयीचा होता, यात शंका नाही. त्यावरून ‘रिझाल हे अमेरिकेने घडवलेले राष्ट्रवीर’ असा आक्षेप आजही घेतला जातो. आगिनाल्दोंचा हुकूम आणि दाएतचा दगड पाहिला की तो मला टिकणारा वाटत नाही.

१९४६ला स्वातंत्र्य मिळालं आणि दूतावास उघडले, तेव्हा त्यांना स्मारकाची जागा शोधत फिरावं लागलं नाही. अनेक ठिकाणी ती आधीच ठरलेली होती. लंडनला चॅल्कॉट क्रेसेंटवरच्या त्यांच्या बिऱ्हाडावर निळी पाटी आहे. टोकियोच्या हिबिया बागेत अर्धपुतळा आहे, १८८८मध्ये ते जिथे उतरले होते त्याच जागी. हायडेलबर्गजवळच्या विल्हेल्म्सफेल्ड गावात, जिथे पाद्री उल्मर यांच्या घरी ते राहिले, तिथे त्यांच्या नावाची बाग आहे. माद्रिदमध्ये मनिलाच्या स्मारकाची प्रतिकृती आहे. आज २० लाखांहून अधिक फिलिपिनी परदेशात कामाला आहेत. पैशांची ओढाताण करत, घरी पत्रं लिहीत दिवस काढलेला हा माणूस त्यांना आपल्यातला वाटतो.

या कार्यक्रमांत वाचली जाणारी कविता कोठडीतून बाहेर आली ती स्पिरिटच्या एका छोट्या चुलीतून. बहीण त्रिनिदाद भेटायला आली तेव्हा पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून रिझाल तिला इंग्रजीत म्हणाले, आत काहीतरी आहे. घरी चूल उघडली तर घडी घातलेला कागद निघाला. चौदा कडवी, ना शीर्षक, ना सही. त्यातल्या एका कडव्यात ते मातृभूमीला सांगतात की, माझी कबर सगळे विसरले, तिच्यावर क्रूस उरला नाही, दगड उरला नाही, तर कुणा शेतकऱ्याला तिथे नांगर फिरवू दे आणि माझी राख तुझ्या मातीत मिसळू दे.