किहिमकर: आडनाव कुठून आलं, कुठे गेलं

अलिबागहून मांडव्याच्या दिशेने निघालं की थळ, किहीम, आवास, सासवणे अशी किनाऱ्यालगतची गावं एकामागून एक लागतात. मुंबईकराला किहीम माहीत असतं ते समुद्रकिनाऱ्यामुळे. पक्षीवेड्यांना ते सालिम अलींमुळे माहीत असतं, कारण सुगरणीच्या घरट्यांचं त्यांचं गाजलेलं निरीक्षण १९३० साली इथलंच. या गावावरून पडलेलं किहिमकर हे आडनाव मात्र फारसं कानावर येत नाही. मराठी वाचकाला ते आठवलंच तर फुलपाखरांवर लिहिणाऱ्या आयझॅक किहिमकरांमुळे. आडनाव अस्सल कोकणी आणि त्याच्या आधीचं नाव बायबलमधलं, ही जोडी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची खूण आहे.

या समाजाची परंपरागत कथा नवगावच्या किनाऱ्यापासून सुरू होते. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. हे केव्हा घडलं यावर एकमत नाही. हाईम सॅम्युएल किहिमकर या समाजाच्या इतिहासकाराने हे आगमन इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात नेऊन ठेवलं होतं. त्याला कागदाचा आधार नाही, तेव्हा ते परंपरेच्याच खात्यात धरावं. पुढच्या काळाबद्दल एवढं पक्कं सांगता येतं की आजच्या रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, कितीतरी गावांत ही माणसं दोन-चार घरांच्या वस्तीने पांगलेली होती. धंदा मुख्यतः तेलाचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली.

पुढची आडनावं याच पांगलेल्या वस्तीतून आली. किहीमचे किहिमकर, थळचे थळकर, आवासचे आवासकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, आपट्याचे आपटेकर, दिवे आगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर किंवा नुसतेच झिराड. डॉ. जेरुशा झिराड यांच्या आडनावात ‘कर’ नाहीच. कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या या डॉक्टरांनी गावाचं नाव जसंच्या तसं लावलं. दोन-चार घरांच्या वस्तीवरून आडनाव पडलं की ते दुर्मीळच राहणार. रोहा, पेण अशा बाजारपेठांच्या गावांत घरं जास्त, म्हणून रोहेकर-पेणकर त्या मानाने जास्त भेटतात. किहिमकर ओंजळभरच.

‘कर’ लावायची गरज गाव सोडल्यावरच पडते. किहीममध्ये राहणाऱ्या तेल्याला कुणी किहिमकर म्हणणार नाही. तिथे तो अमक्याचा अमका असतो, फार तर तेली. नाव, बापाचं नाव आणि जात एवढ्यावर गावाचं भागतं. माझ्या मते या आडनावांचा खरा जन्म मुंबईच्या वाटेवर झाला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल कुटुंबं मुंबई बेटावर येऊ लागली. सुतारकाम, बांधकाम, गोदी आणि सगळ्यांत जास्त ओढ ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींची. एकाच चाळीत तीन अब्राहाम आणि दोन मुसाजी जमले की कोणत्या गावचा हा प्रश्न आपोआपच येतो. म्हणूनच आडनावातलं गाव म्हणजे कुळाचं मूळ असं समजू नये. बाहेर पडायच्या वेळी घर जिथे होतं ते ते गाव. त्याआधी तेच कुटुंब आणखी कुठे राहिलेलं असू शकतं.

मुंबईतली या समाजाची पहिली ठळक खूण १७९६ सालची आहे. कंपनीच्या सैन्यातले अधिकारी सॅम्युएल एझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी मांडवी भागात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. शारे राहामीम हे त्याचं हिब्रू नाव. समाज स्वतः सिनेगॉगला मशीदच म्हणत असे, त्यामुळे ही जुनी मशीद आणि १८४३ मधली शारे रासोन ही नवी मशीद. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगितलं जातं. या दिवेकरांचं नाव पलटणीच्या बोलीत मात्र समाजी हसाजी असं होतं. जुनी कागदपत्रं चाळताना पहिली ठेच इथेच लागते. सॅम्युएलचा समाजी, एझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी, अब्राहामचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, डेव्हिडचा दाऊदजी. सैन्याच्या पटावर नाव, बापाचं नाव आणि पुढे जात म्हणून ‘इस्रायल’ एवढंच असतं. गावाचं आडनाव बहुधा नसतंच. पुढे काही घराण्यांनी ‘इस्रायल’ हेच कायमचं आडनाव धरलं. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या यादीत किहिमकर सापडला नाही, यावरून पलटणीत किहिमकर नव्हते असा निष्कर्ष काढू नये.

या आडनावाला समाजात वजन आलं ते हाईम सॅम्युएल किहिमकरांमुळे (१८३०–१९०८). १८७५ साली मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. हीच शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा इंग्रजी इतिहास त्यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केला, पण त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तो तेल अवीवमध्ये निघाला. त्यामुळे आडनावाचं रोमन रूप जगभरच्या ग्रंथालयांत Kehimkar असं नोंदलं गेलं. मराठीत आजही किहिमकर, किहीमकर आणि केहिमकर अशी तिन्ही रूपं दिसतात. एकाच घरात शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असंही होतं. शोधताना तिन्ही रूपं घ्यावीत. एकावरच विसंबलं की निम्म्या नोंदी हातून जातात.

आडनाव लावायची रीत जेमतेम रुळते आहे तोच ती मोडायलाही लागली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, बायबल मराठीत आलं, आणि समाजीचे पुन्हा सॅम्युएल झाले. मग रेल्वे, कस्टम, पोस्ट आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्या आल्या. साहेबाच्या हजेरीपटावर दोन शब्दांत बसणारं नाव सोयीचं, म्हणून तिसरा शब्द गळाला. बापाचं किंवा आजोबांचं नाव आडनावाच्या जागी येऊन बसलं. मुंबईचे १९३७ मधले महापौर डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर रस्त्याच्या पाटीवर डॉ. ई. मोझेस झाले. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांना राजपूरकर हे नाव ठाऊकही नसतं. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा साकारणारे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर पडद्यावर नुसते डेव्हिड. कवी निसिम एझिकेल यांचं घराण्याचं आडनाव तळकर. उलट ‘आलम आरा’चे लेखक जोसेफ डेव्हिड यांच्या नावापुढे पेणकर अधूनमधून दिसतं.

याचा परिणाम असा की दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात. एकाने गावचं आडनाव ठेवलं, दुसऱ्याने बापाचं नाव आडनाव केलं. दुसऱ्याच्या मुलाने पुन्हा आपल्या बापाचं नाव लावलं की तिसऱ्या पिढीत धागा कागदावर पुरता तुटतो. म्हणून किहिमकर हे आडनाव जितकं दुर्मीळ दिसतं, तितकं ते कुळ दुर्मीळ असेलच असं नाही. आज सॅम्युएल, डेव्हिड, रूबेन, बेंजामिन लावणाऱ्या घरांत कितीतरी जुनी ‘कर’ दडलेली आहेत.

चूक उलट बाजूनेही होते. दिवेकर, दांडेकर, घोसाळकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं हिंदूंतही आहेत आणि तिथेही एकाहून अधिक जातींत. बेने इस्रायलांमध्येदेखील एका गावची दोन घरं एकमेकांची भाऊबंद असायलाच हवीत असं नाही. गाव एक एवढाच त्याचा अर्थ. केवळ आडनावावरून नातं जोडणारी वंशावळ ठिसूळ असते. पहिल्या नावावरून समाज ओळखता येतो, पण विसाव्या शतकात दिलेल्या मराठी-हिंदी नावांमुळे तोही भरवसा पुरेसा नाही.

खात्रीचा पुरावा दोन-तीन ठिकाणी मिळतो. पैकी केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, हाताशी आला की लोक हरखतात, पण हिब्रू मजकुरात ‘अमका बेन अमका’ (बेन म्हणजे मुलगा) एवढंच असतं. आडनाव असलं तर साक्षीदारांच्या मराठी किंवा इंग्रजी सहीत बघावं. शाळेचं जनरल रजिस्टर त्याहून उपयोगी, कारण तिथे पूर्ण नाव आणि बहुतेकदा जन्मगावही असतं. कबरीचा दगड सगळ्यांत चांगला. त्यावर हिब्रू, मराठी आणि कित्येकदा इंग्रजी मजकूर एकाखाली एक असतो, आणि हिब्रूत गाळलेलं आडनाव मराठी ओळीत सापडतं.

दगडावरचा काळ वाचताना मात्र गफलत होते. हिब्रू वर्ष आकड्यांऐवजी अक्षरांत कोरतात आणि हजारांचा भाग बहुधा सोडून देतात. ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २०० आणि नून म्हणजे ५०. ही तीन अक्षरं असतील तर ६५०, म्हणजे पूर्ण वर्ष ५६५०. लहान आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो, इथे १८९०. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. त्यामुळे मृत्यू नववर्षानंतर आणि डिसेंबर संपण्याआधी झाला असेल तर एक वजा करायचा, म्हणजे १८८९. शेजारी शके असला तर ताळा लगेच जुळतो: शके १८१२ मध्ये ७८ मिळवा, १८९०. चैत्राआधीच्या महिन्यांना ७९. दोन्ही हिशेब जुळत नसतील तर दगड पुन्हा नीट पुसून वाचावा. घासल्या गेलेल्या हिब्रू दगडावर रेश आणि दालेत ही अक्षरं सारखीच दिसतात, आणि दालेतची किंमत फक्त ४ आहे.

मुंबईनंतर ही आडनावं रेल्वे आणि सरकारी बदल्यांच्या मागे गेली: ठाणे, पुणे, अहमदाबाद, कराची, एडन. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं, अहमदाबादचं १९३४ चं. कराचीत १८९३ साली मागेन शालोम सिनेगॉग उभं राहिलं, आणि ते उभारणारे नगरपालिकेतले सर्वेक्षक सोलोमन डेव्हिड उमरडेकर हे कोकणी आडनावाचेच होते. फाळणीनंतर तिथला समाज पांगला आणि १९८८ मध्ये ती इमारत पाडली गेली. या पसाऱ्यात गाव रिकामं झालं असं मात्र लगेच घडलं नाही. अलिबागची इस्रायल आळी, रेवदंडा, पनवेल आणि पेणची सिनेगॉग याच काळातली. मुंबईत नोकरी करून सणाला आणि मलिद्याच्या विधीला गावी येणं चालूच होतं.

मोठी गळती लागली ती १९४८ नंतर. १९५१ च्या जनगणनेत भारतात साधारण साडेसव्वीस हजार ज्यू होते. त्यात बगदादी आणि कोचीनचेही आले, पण बहुसंख्य बेने इस्रायल. १९६१ ला हा आकडा साडेअठरा हजारांवर आला आणि १९७१ ला सहा हजारांच्या आत. माणसं इस्रायलला गेली आणि त्यांतली पुष्कळशी मुंबईसारख्या शहरांत न उतरता नव्याने वसवलेल्या किंवा वाढवलेल्या गावांत गेली: दिमोना, बिरशेबा, येरुहाम, अश्दोद, रामला, लोद. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांसाठी पूर्वजांची वेगळी चौकशी सुरू केली. आजी-पणजीपर्यंतची नावं मागितली जाऊ लागली. त्याविरुद्ध १९६४ साली जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं आणि तो नियम सैल करावा लागला. कोकणातल्या वंशावळी धडपणे लिहून काढायची घाई ज्या घरांना तेव्हा झाली, त्यांच्याकडे आज सगळ्यांत भरवशाचे कागद आहेत.

इस्रायलमध्ये पुष्कळ नवागतांनी आडनावं हिब्रू करून घेतली. बेने इस्रायलांपैकी ज्यांचं आडनाव आधीच डेव्हिड किंवा बेंजामिन होतं त्यांना बदलायची गरजच नव्हती, पण त्या नावांच्या गर्दीत ते वेगळे ओळखूही येईनात. ‘कर’ टिकवलेले मात्र तिथे चटकन उठून दिसतात. अडचण येते ती लिपीची. हिब्रूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘क’साठी दोन अक्षरं आहेत, काफ आणि कूफ. त्यामुळे किहिमकर, केहिमकर आणि काहिमकर हे कागदावर सारखेच दिसू शकतात, आणि एकच किहिमकर दोन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो. ‘च’ला स्वतंत्र अक्षर नाही. त्सादी अक्षराला वर टिचकी देऊन तो दाखवतात. टायपिंगमध्ये ती टिचकी गळली की चेऊलकराचा त्सेऊलकर होतो. तेव्हा तिथल्या नोंदींत शोध घेताना पहिलं अक्षर काफ आणि कूफ अशा दोन्ही तऱ्हांनी घालून पाहावं, ‘ही’मधला योद (‘ई’ दाखवणारं अक्षर) एकदा ठेवून आणि एकदा वगळून बघावा, आणि शेवटचा ‘कर’ कूफ-रेश असा धरावा.