भरती किती वाजता आहे?

पक्षी पाहायचे तर भल्या पहाटे निघावं, हा सल्ला जंगलात खरा, माळरानावर खरा, तळ्याकाठीही बराचसा खरा. खाडीवर मात्र तो सपशेल फसू शकतो. कार्तिकी पौर्णिमेला कुणी पाचचा गजर लावून मुंबईच्या पूर्वेला शिवडीच्या काठावर जाऊन उभं राहिलं, तर त्याच्या वाट्याला पूर्ण ओहोटी येणार. समोर लांबवर चिखल आणि त्याच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेला, राखाडी ठिपके. ते ठिपके म्हणजे हजारो पक्षी असतात, पण चांगल्या दुर्बिणीतूनही त्यातला टिलवा (सँडपायपर) कोणता आणि चिखल्या (प्लोव्हर) कोणता हे सांगता येत नाही. तोच माणूस न्याहारी करून सावकाश साडेनऊला आला असता, तर चढतं पाणी तेच पक्षी ढकलत ढकलत त्याच्या पुढ्यात घेऊन आलं असतं.

किनारपक्ष्यांचा दिवस चंद्र ठरवतो. चिखल उघडा पडला की जेवण, पाण्याखाली गेला की विश्रांती. मग तेव्हा दुपार असो की मध्यरात्र. यातले अनेक पक्षी रात्रीच्या ओहोटीलाही चरतात.

म्हणून खाडीवर जाण्याआधी पंचांग पाहावं. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली असेल त्यांना हे तोंडावर येईल. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास सरकते. यामागे साधं खगोलशास्त्र आहे. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला साधारण 50 मिनिटं जास्त लागतात, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. पाऊणचा गुणाकार हे त्या 50 मिनिटांचं सोपं रूप. पक्षाच्या उत्तरार्धात हा हिशेब तासाभराने चुकू शकतो, शिवाय खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा पोचतं. मिनिटांची खात्री हवी असेल तर छापील वेळापत्रकच बघा. पण रविवार कोणता निवडायचा हे ठरवायला पाऊणकी पुरते.

निवडताना प्रकाशही धरायला हवा. शिवडीला आपण पूर्वेकडे तोंड करून उभे असतो, सकाळी सूर्य थेट डोळ्यात येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तिथे तृतीया ते पंचमीचे दिवस बरे. भरती दुपारी तीनच्या आगेमागे, साडेबारा-एकला पोचलं की ऊन पाठीमागून. अलिबागजवळच्या आक्षीला किंवा कोकणातल्या कुठल्याही पश्चिममुखी पुळणीवर नेमकं उलटं. तिथे द्वादशी-त्रयोदशी गाठावी, सकाळी सातला पोचावं आणि दहापर्यंत पाणी वर येताना पाहावं.

कुठे काय दिसेल तेही भरतीच ठरवते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. मुंबईला उधाणाच्या वेळी तो साधारण चार-साडेचार मीटर असतो, गोव्याला पोचेपर्यंत दोनेक मीटर उरतो. किनारा सपाट असेल तर पाण्याच्या या चढउतारामुळे ओहोटीला मोठा पट्टा उघडा पडतो. ठाणे खाडी, उरण, धरमतरची खाडी इथे चिखलाची विस्तीर्ण मैदानं आहेत ती त्यामुळेच. दक्षिणेकडे पट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी नद्यांच्या मुखांशी गोळा होतात. गोव्यात मोरजीला शापोरा नदीच्या तोंडाशी कुरवांचे (गल पक्ष्यांचे) थवे वाळूवर बसतात ते याच कारणाने.

दिवाळीनंतरचे हे दिवस, शरद सरून हेमंत लागतानाचे, पाहायला सगळ्यात बरे, कारण तोवर बहुतेक मंडळी येऊन स्थिरावलेली असतात. आगमन मात्र फार आधी सुरू होतं. जुलै संपता संपता, भर पावसात, पहिले टिलवे कोकणात उतरतात. कर्ल्यू सँडपायपर नावाचा बाकदार चोचीचा टिलवा सायबेरियाच्या आर्क्टिक भागात वीण करतो. तिथे अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं हे काम एकट्या मादीचं. नराचं काम जून संपता संपता उरकतं आणि तो दक्षिणेची वाट धरतो. मागून माद्या येतात आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षीची पिलं, तीही मोठ्यांच्या सोबतीशिवाय. दोन-तीन महिन्यांच्या, साठेक ग्रॅम वजनाच्या पिलाला हजारो किलोमीटर कुठल्या दिशेने उडायचं हे कुणी दाखवत नाही, ते ज्ञान उपजत असतं. बदकांची तऱ्हा वेगळी. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांची मोठी संख्या थंडी वाढते तशी येते. ती पाहायला खाडीपेक्षा निफाडजवळच्या नांदूरमधमेश्वरला किंवा उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला जावं.

सगळेच पाहुणे ‘सायबेरियातून’ येतात हा समज मात्र सोडून द्यायला हवा. आपल्या पुळणींवर सर्वांत जास्त दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी एक म्हणजे वाळूवर तुरुतुरु धावणारा छोटा चिखल्या. त्याची वीण तिबेटच्या पठारावर आणि लडाखसारख्या उंच प्रदेशांत होते. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याला ‘तिबेटी’ अशी वेगळी जात मानली आहे. एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचमागे घिरट्या घालणाऱ्या कुरवांत तपकिरी डोक्याचा कुरव असतो, तोही मध्य आशियातल्या उंचावरच्या तलावांचा रहिवासी. चार हजार मीटरवरून आलेल्या त्या पक्ष्याला आपण तळलेल्या गाठ्या भरवतो आणि फोटो काढतो. समोर मासळीने भरलेला समुद्र असताना हे कशासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता ओळखण्याचा प्रश्न. नवख्यांची इथे हमखास दमछाक होते. विणीच्या काळात यातले अनेक पक्षी विटकरी, काळे, सोनेरी असतात. नोव्हेंबरपर्यंत प्रौढांनी पिसं बदलून राखाडी वेष चढवलेला असतो आणि सगळे एकाच ठाणातून कापल्यासारखे दिसतात. रंगाच्या मागे लागू नये. पक्षी जेवतो कसा ते पाहावं.

चिखल्या धावतो, थबकतो, वाकून एक टोच मारतो, पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे, कारण तो नजरेने शिकार करतो. चिखलाच्या पृष्ठभागावर किडा जरासा हलला की झडप. टिलवे थांबत नाहीत. मान खाली घालून शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच खालीवर करत पुढे जातात. टेरेक सँडपायपरची चोच वर वळलेली, तो चिंबोऱ्यांच्या पिलांमागे वेड्यासारखा पळतो. उचाट्याचीही चोच वर वळलेली, पण तो ती उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. कालवफोड्याची लालभडक चोच पात्यासारखी चपटी असते, ती शिंपल्याच्या फटीत घालून तो आतला स्नायू तोडतो. टर्नस्टोन दगड आणि शेवाळ उलटून खाली काय दडलंय ते बघतो. आणि कुरल (कर्ल्यू) पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहूनही लांब, वाकडी चोच बिळात पार मुळापर्यंत खुपसून तिथला खेकडा किंवा किडा बाहेर ओढतो. एवढ्याशा चिखलावर इतक्या जाती शेजारी शेजारी चरू शकतात, कारण प्रत्येकीचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं.

गढूळ चिखलात, न बघता, खाली काय आहे हे टिलव्याला कळतं कसं? त्याच्या चोचीच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंप टिपणाऱ्या संवेदनापेशींचे पुंजके भरलेले असतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1998 मध्ये रेड नॉट या पक्ष्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. वाळूत शिंपले पुरून ठेवले तर पक्षी ते शोधत. शिंपल्यांऐवजी दगड पुरले तर तेही शोधत. म्हणजे वास, चव किंवा हालचाल यांवर त्यांची भिस्त नव्हती. वाळू कोरडी असली की मात्र काहीच सापडत नसे. उलगडा असा, की चोच ओल्या वाळूत घुसली की कणांमधलं पाणी दाबलं जातं, मध्ये टणक वस्तू असेल तर तो दाब अडतो आणि चोचीला त्याचा फरक जाणवतो. न शिवता शिंपला ‘चाचपडण्याची’ ही सोय आहे. पाणटिवळ्यासारखे (गॉडविट) काही पक्षी खोल चिखलात संपूर्ण चोच न उघडता नुसतं वरच्या चोचीचं टोक उचलून किडा पकडतात.

हे सगळं आपण डोळे भरून पाहतो ते ओहोटीचं. भरती पूर्ण झाली की पक्षी गेले असं समजून बहुतेक जण दुर्बीण म्यानात घालतात. माझ्या मते या पक्ष्यांच्या जगण्यातला अर्धा आणि जास्त नाजूक भाग तिथूनच सुरू होतो.

चिखल बुडाल्यावर हजारो पक्ष्यांना पुढचे चार-पाच तास उभं राहायला जागा लागते. ती चरण्याच्या जागेपासून जवळ हवी, कारण रोज दोनदा ये-जा करण्यात खर्च होणारी ताकद पुन्हा खाऊनच भरून काढावी लागते. पाणी पायांच्या उंचीचं किंवा जमीन कोरडी हवी. आणि ती उघडी हवी, चारही बाजूंना लांबवर दिसेल अशी. बहिरी ससाणा अचानक झेपावतो, तेव्हा तो आधीच दिसणं हाच यांचा बचाव. दाट तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, आडोशाला बगळे आणि खंड्या सुखाने बसतात, कुरलही कधी तिवरावर बसलेला दिसतो, पण टिलवे आणि चिखले बहुधा तिथे जात नाहीत. त्यांना हवी असतात मिठागरं, खाजणातले उथळ पाण्याचे तुकडे, बांधामागची खारेपाटातली पाणथळ, वस्तीपासून दूरची पुळण. उरणची पाणजे पाणथळ किंवा नवी मुंबईतली किनारी तळी यांचं महत्त्व या दृष्टीने पाहावं. ठाणे खाडीतले रोहितसुद्धा (फ्लेमिंगो) भरतीच्या वेळी अशा तळ्यांकडे सरकतात.

आपलं संरक्षण मात्र एका बाजूला कललेलं आहे. ठाणे खाडी 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाली, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. खारफुटी तोडण्याविरुद्धचे न्यायालयीन आदेश आहेत, राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. हे सगळं चांगलंच झालं. पण भरतीच्या वेळच्या उघड्या जागा सरकारी नोंदींत बहुतेकदा ‘मोकळी जमीन’ असतात. कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला. शहराला घरं लागणार, याबद्दल वाद नाही. वाद हा, की जमिनीचा हिशेब करताना तिथे दिवसातून दोनदा कोण उतरतं, हा रकानाच नसतो. भरावही दरवेळी घालावा लागत नाही. पाणी आत येण्याची उघाडी बुजली, पाइप तुंबला, तरी तळं दोन-तीन हंगामांत सुकतं किंवा पाणवनस्पतींनी भरून जातं. चिखल तसाच्या तसा शिल्लक राहूनही पक्षी कमी होऊ शकतात ते असे.

‘इथून उठले तर दुसरीकडे जातील’ हा युक्तिवाद दक्षिण कोरियात पुरता तपासून झाला आहे. सेमांगम इथे 33 किलोमीटर लांबीची भिंत बांधून 2006 मध्ये खाडी बंद केली. तिथे उतरणारे ग्रेट नॉट जातीचे किनारपक्षी आसपासच्या किनाऱ्यांवर वाढल्याचं दिसलं नाही. ते ऑस्ट्रेलियातल्या हिवाळी मुक्कामीही कमी झाले. आज ही जात धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (IUCN) संकटग्रस्त आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच यादीत आपल्या ओळखीच्या कर्ल्यू सँडपायपरला आणि राखी चिखल्याला ‘असुरक्षित’ गटात ढकलावं लागलं. 2025 मध्ये बारीक चोचीचा कुरल नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याचं शेवटचं पक्कं दर्शन 1995 मधलं, मोरोक्कोतलं.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती 1987 पासून चालू आहे आणि तिच्यात स्वयंसेवकांची नेहमी गरज असते. किनाऱ्यावर ही मोजणी पक्ष्यांच्या भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागी करणं सोयीचं, कारण तेव्हाच पक्षी एकत्र आणि जवळ असतात. कार्तिक-मार्गशीर्षात आपल्या आसपासच्या अशा जागा हुडकून ठेवल्या, तर जानेवारीत त्यांचा उपयोग होतो. नोंदवहीत पक्ष्यांची नावं आणि आकडे सगळेच लिहितात. त्यासोबत दोन गोष्टी लिहाव्यात: भरती किती वाजता होती, आणि पाणी पूर्ण चढल्यावर थवा कुठल्या दिशेला गेला. दुसरीचं उत्तर मिळवायला पक्ष्यांच्या मागे जावं लागतं, कधी एखाद्या मिठागराच्या बांधापर्यंत, कधी रिकाम्या भूखंडाच्या पत्र्यांच्या कुंपणापर्यंत. तिथे पोचल्यावर लांबच थांबावं, ड्रोन उडवू नये, कुत्र्याला मोकळं सोडू नये. चांगल्या फोटोसाठी थवा उठवणाऱ्याला तिथून खुशाल हाकलावं.