बर्फाळ उपग्रहांवरील पाण्याचा अवकाश दुर्बिणींतून शोध

गुरू व शनी यांच्या बर्फाच्छादित उपग्रहांवर पाणी कोणत्या रूपात आहे आणि ते कोठून येते, हे पृथ्वीच्या वातावरणाबाहेरील दुर्बिणींनी तपासण्याची खगोलशास्त्रीय पद्धत. हबल, हर्शेल आणि जेम्स वेब या तीन दुर्बिणींचे काम यात महत्त्वाचे ठरले आहे.

या उपग्रहांवर बर्फ आहे, याबद्दल आता वाद नाही. गुरूच्या युरोपा या उपग्रहावरील पाण्याचे बर्फ जमिनीवरच्या दुर्बिणींतून घेतलेल्या अवरक्त वर्णपटांवरून १९७२ मध्येच पक्के झाले होते. खरा प्रश्न कवचाखालच्या द्रव पाण्याचा आहे. कित्येक किलोमीटर जाडीच्या बर्फाआडचा महासागर कोणत्याच दुर्बिणीला दिसत नाही, म्हणून त्याच्या खुणा शोधाव्या लागतात : भेगांतून उसळणारी वाफ, पृष्ठभागावर आलेले क्षार आणि वायू, किंवा खाऱ्या पाण्यामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक. ‘पाणी सापडले’ या दोन शब्दांत बर्फ, वाफ आणि महासागर हे तिन्ही एकत्र कोंबले जातात, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो.

दुर्बीण अवकाशात न्यावी लागते याची कारणे दोन. पृथ्वीच्या हवेतच भरपूर बाष्प असल्यामुळे दूरच्या बाष्पाच्या बऱ्याच अवरक्त खुणा त्यात बुजून जातात. शिवाय ज्या अतिनील किरणांत हायड्रोजन व ऑक्सिजनचे अणू ओळखता येतात, ते जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत.

युरोपाची कथा यात सर्वांत गुंतागुंतीची आहे. सुमारे ३,१२० किमी व्यासाचा हा उपग्रह साडेतीन दिवसांत गुरूभोवती फिरतो. त्याची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने गुरूच्या ओढीने त्याचे अंतरंग सतत ताणले व दाबले जाते. त्या घर्षणाच्या उष्णतेने आतले पाणी द्रव राहते. डिसेंबर २०१२ मध्ये लोरेन्झ रोथ आणि सहकाऱ्यांनी हबलच्या वर्णपटमापकाने युरोपाच्या दक्षिण ध्रुवाजवळ हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरवरील आणि ऑक्सिजनची १३०.४ नॅनोमीटरवरील दीप्ती टिपली. गुरूच्या चुंबकांबरातील (ग्रहाभोवती त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव असलेल्या प्रदेशातील) इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंवर आदळून ते फोडतात, तेव्हा अशी दीप्ती निर्माण होते. तिच्यावरून सुमारे २०० किमी उंचीच्या बाष्पफवाऱ्यांचा अंदाज बांधला गेला. त्या वेळी युरोपा गुरूपासून कक्षेतील सर्वांत दूरच्या बिंदूजवळ होता, आणि गुरूच्या ओढीच्या या ताणाने भेगा तेव्हाच अधिक उघडाव्यात असे गणित सांगत होते. निरीक्षण आणि सिद्धान्त इतके नेटके जुळल्यामुळे उत्साह साहजिक होता. पण पुढे त्याच स्थितीत पुन्हा पाहिल्यावर फवारे दिसले नाहीत.

विल्यम स्पार्क्स यांच्या गटाने वेगळी वाट धरली. युरोपा गुरूच्या तेजस्वी बिंबावरून सरकताना त्याच्या कडेवर काही काळसर डाग दिसतात का, हे त्यांनी हबलने पाहिले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या कामात दहापैकी तीन निरीक्षणांत संशयास्पद खुणा होत्या. त्याच प्रतिमांचे २०२० मध्ये सांख्यिकी फेरविश्लेषण झाले, तेव्हा प्रतिमा जुळवताना झालेल्या सूक्ष्म चुकीनेही असे डाग उमटू शकतात असे दिसले. जेम्स वेबच्या नोव्हेंबर २०२२ च्या निरीक्षणांतही फवारा आढळला नाही. त्यामुळे युरोपावरील फवारे अद्याप सिद्ध मानता येत नाहीत. महासागराचा तेथील सर्वांत भक्कम पुरावा दुर्बिणीचा नसून गुरूभोवती फिरलेल्या गॅलिलिओ यानाच्या चुंबकत्वमापकाचा आहे.

दुर्बिणींनी युरोपावर दिलेली अधिक ठोस खूण रासायनिक आहे. तारा रेजिओ या भग्न, खडबडीत प्रदेशात हबलने २०१९ मध्ये प्रारित (किरणांचा मारा झालेल्या) सोडियम क्लोराइडची, म्हणजे आपल्या मिठाचीच, छटा ओळखली. २०२३ मध्ये जेम्स वेबच्या निरीक्षणांवरून कार्बन डायऑक्साइडही तेथेच एकवटलेला आढळला. हा वायू युरोपाच्या पृष्ठभागावर फार काळ टिकत नाही. म्हणजे तो भूवैज्ञानिक दृष्ट्या अलीकडेच, आणि बहुधा आतूनच, वर आला असावा.

शनीच्या एन्सेलाडसबाबत अशी शंका नाही. तेथील फवारे शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने २००५ मध्ये प्रत्यक्ष पाहिले होते. हा उपग्रह जेमतेम ५०० किमी व्यासाचा आहे. जेम्स वेबच्या अवरक्त वर्णपटमापकाला तो एका चित्रबिंदूएवढाही भरत नाही, तरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत त्यातून ९,६०० किमीहून दूर पसरलेला बाष्पाचा पिसारा दिसला. सेकंदाला सुमारे ३०० किलो पाणी त्यातून बाहेर पडते. यानाला जवळून न दिसणारा हा विस्तार दुरून पाहणाऱ्या दुर्बिणीनेच उलगडला, हे मुद्दाम नोंदवायला हवे. त्यातले अंदाजे ३० टक्के पाणी एन्सेलाडसच्या कक्षेतील बाष्पवलयात राहते, बाकीचे शनीच्या परिसरात विखुरते. हे वलय हर्शेल दुर्बिणीने २०११ मध्येच ओळखले होते.

गॅनिमीड या सूर्यमालेतील सर्वांत मोठ्या उपग्रहावर हबलने ध्रुवीय प्रकाशाचा उपयोग केला. गुरूचे चुंबकीय क्षेत्र बदलते तसे तेथील प्रकाशपट्टे मागेपुढे हलतात. आत खारा महासागर नसता तर ते सुमारे ६ अंशांनी हलले असते. प्रत्यक्षात ते सुमारे २ अंशांनीच हलतात, म्हणजे आतले खारे पाणी ही हालचाल रोखते, असे योआखिम साउर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले. २०२१ मध्ये हबलच्या जुन्या नोंदींतून गॅनिमीडच्या विरळ वातावरणात बाष्पही सापडले, पण ते दुपारच्या उन्हात पृष्ठभागावरचे बर्फ थेट वायूत बदलल्याने येते. महासागराशी त्याचा संबंध नाही.

एप्रिल २०२३ मध्ये निघालेले ज्यूस आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर ही याने अनुक्रमे २०३१ आणि २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे. दोन्हींवर अतिनील वर्णपटमापक आहेत. क्लिपर युरोपाजवळून ४९ वेळा जाणार असल्याने फवाऱ्यांचा प्रश्न तेव्हा कोट्यवधी किलोमीटरऐवजी काही डझन ते काही हजार किलोमीटरवरून तपासता येईल.