दिवा विझला, व्हॉल्व्ह उघडाच: कंट्रोल रूमच्या रचनेमागचा इतिहास

28 मार्च 1979. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या युनिटचे फीडवॉटर पंप, म्हणजे वाफ बनवायला पाणी पुरवणारे पंप, बंद पडले. टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप थांबलं, आणि आठ सेकंदांत अणुभट्टीही आपोआप बंद झाली. वाढलेला दाब सोडायला रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. दाब उतरल्यावर तो मिटायला हवा होता, पण अडकून उघडाच राहिला. पॅनेलवरचा त्याचा दिवा मात्र विझला. दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला, असं ऑपरेटरांनी धरलं. पुढे दोन तासांहून जास्त वेळ भट्टीला थंड ठेवणारं पाणी त्यातून वाहून जात राहिलं.

तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. सोलेनॉइडला, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाला, वीज जाते आहे की नाही, एवढंच त्यावरून कळत होतं. म्हणजे 'बंद हो' हा हुकूम सुटल्याची ती खूण होती. हुकूम पाळला गेला का, हे सांगणारं पॅनेलवर थेट काहीच नव्हतं. वाईट याचं वाटतं की हा दिवा मूळ रचनेत नव्हता. 1978 मध्ये याच व्हॉल्व्हने एकदा दगा दिल्यावर सुधारणा म्हणून तो बसवला होता.

बाकीची खोलीही ऑपरेटरांच्या विरोधातच उभी होती. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले आणि त्यातले बिनमहत्त्वाचे बाजूला काढायची सोयच नव्हती. अलार्मची नोंद छापणारा प्रिंटर घटनांच्या मागे पडत गेला, तो दोन तासांहून जास्त मागे राहिला. वाहून जाणारं पाणी ज्या टाकीत जमा होत होतं तिचे मीटर मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होते, म्हणजे जागा सोडून तिकडे गेल्याशिवाय ते दिसणार नव्हते. आणीबाणीच्या फीडवॉटरचे व्हॉल्व्ह चुकून बंद राहिले होते आणि ते सांगणाऱ्या दिव्यांपैकी एकावर दुरुस्तीचा टॅग लटकत होता. ही गोष्ट लक्षात यायला आठ मिनिटं गेली. रिलीफ व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं तापमान चढलेलं दिसत होतं, पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत असल्यामुळे चढलेलं तापमान रोजचंच झालं होतं. शेवटी 6 वाजून 22 मिनिटांनी मदतीला आलेल्या एका शिफ्ट सुपरवायझरच्या सांगण्यावरून त्याच वाटेवरचा, पाणी अडवणारा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केला गेला. तोवर इंधनाचं मोठं नुकसान होऊ लागलं होतं. भट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला होता, हे पुढे काही वर्षांनी आत कॅमेरा सोडल्यावर कळलं.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. ऑक्टोबर 1979 च्या अहवालात ऑपरेटरांच्या चुका नोंदवल्या आहेतच, पण त्या चुका ज्यांतून घडल्या ते प्रशिक्षण, त्या कार्यपद्धती आणि ती कंट्रोल रूम यांच्यावरही आयोगाने बोट ठेवलं. मला हा अहवाल मोलाचा वाटतो तो यासाठी, की 'माणूस चुकला' या वाक्यापाशी तो थांबला नाही. शिवाय सप्टेंबर 1977 मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात असाच व्हॉल्व्ह उघडा राहिला होता आणि तिथल्या ऑपरेटरांचीही अशीच दिशाभूल झाली होती. ती माहिती थ्री माइल आयलंडच्या पॅनेलसमोर बसणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही.

खरं तर हा धडा तोवर 30 वर्षं जुना होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 बॉम्बर विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटवायला जायचे आणि चाकंच आत घ्यायचे. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही कामांचे स्विच शेजारीशेजारी आणि दिसायला सारखेच. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे चाकांच्या दांडीला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या दांडीला पाचरीसारखी मूठ. न बघता, नुसत्या हाताला फरक कळावा. हे आकार आजही प्रवासी विमानांत आहेत. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून सांगितले गेलेले 460 प्रसंग तपासले आणि त्यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ कॉकपिटच्या मांडणीत सापडलं. विमानांनी हे ज्ञान उचललं. वीजकेंद्रं आणि रिफायनऱ्यांपर्यंत ते वेळेवर गेलं नाही. तिथे पॅनेलची जागा ठरायची ती वायरिंगच्या सोयीने.

1979 नंतर अमेरिकेत अणुवीज केंद्रांच्या कंट्रोल रूमची तपासणी सक्तीची झाली आणि 1981 मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं आली. डेन्मार्कमध्ये संशोधक येन्स रासमुसेन यांनी अडचणीत सापडलेला ऑपरेटर विचार कसा करतो याची मांडणी केली. 1983 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी ऑटोमेशनची एक अडचण नेमकी पकडली: सोपं काम यंत्राकडे जातं, माणसाकडे उरतं ते सगळ्यात अवघड, आणि तेही हाताचा सराव सुटल्यावर.

आपल्याकडे भोपाळमध्ये, 2 डिसेंबर 1984 च्या रात्री, शिफ्ट बदलली त्या सुमारास मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीचा दाब 2 पीएसआयवरून (दाबाचं एकक) 10 वर गेलेला दिसत होता. तिथे देखभालीची हेळसांड, बंद ठेवलेल्या सुरक्षा यंत्रणा अशी कितीतरी मोठी कारणं होती. पण मीटर भरवशाचे नाहीत हे कामगारांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्या आकड्याने कुणी लगेच दचकलं नाही. ज्या मीटरवर विश्वास उरलेला नाही, तो पॅनेलवर असून नसल्यासारखाच.

24 जुलै 1994 चा वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या रिफायनरीचा स्फोट मला जास्त अस्वस्थ करतो. सकाळी वीज पडून प्लांट विस्कळीत झाला. एक कंट्रोल व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद, स्क्रीनवर उघडा. म्हणजे थ्री माइल आयलंडचीच चूक, 15 वर्षांनी, उलट्या बाजूने आणि संगणकाच्या पडद्यावर. स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले. मिनिटाला 25! असा मारा सुरू झाला की माणूस अलार्म वाचत नाही, आवाज बंद व्हावा म्हणून 'अलार्म पाहिला' असं कळवणारं ॲक्नॉलेजचं बटण दाबत राहतो. तो रविवार असल्यामुळे आवारात माणसं कमी होती. जीवितहानी झाली नाही.

त्यानंतर 1999 मध्ये ब्रिटनमध्ये अलार्म व्यवस्थापनाची मार्गदर्शिका निघाली. प्लांट सुरळीत असताना एका ऑपरेटरला साधारण दहा मिनिटांत एकच अलार्म यावा, आणि बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत दहाहून जास्त येऊ नयेत, हे तिचं माप. आजच्या कंट्रोल रूममधले फिकट करडे पडदे याच विचारातून आलेत. रंग राखून ठेवायचा तो फक्त बिघडलेल्या गोष्टीसाठी. 1999 पासून टप्प्याटप्प्याने आलेलं, कंट्रोल रूमच्या रचनेचं आयएसओ 11064 हे आंतरराष्ट्रीय मानक तर आधी ऑपरेटरचं काम समजून घ्या, मग डेस्क, पडदे आणि खोली ठरवा, असा क्रमच घालून देतं. डेस्कची ऑर्डर गेल्यावर शिफ्टमधल्या माणसांना मत विचारणं या क्रमात बसत नाही.